एका तुकड्याचे चार धनी : खेळाच्या नकाशावरचं दख्खन

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. इतिहासाच्या व्याख्यानमालेत संगणकावरच्या खेळाचं काय काम? त्याचं कारण आधी सांगतो, मग विषयाकडे वळू.

गेल्या काही वर्षांत मध्ययुगीन दख्खनबद्दल आम्हाला जे प्रश्न विचारले जातात, त्यांची तऱ्हा बदलली आहे. विशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी विचारते, 'खानदेशच्या फारुकींचं राज्य असिरगडाच्या जोरावर दोनशे वर्षं टिकलं, हे खरं का?' किंवा 'गजपतींचा बहमनींवर एवढा दाब का होता?' आपण चकित होतो. शाळेच्या पुस्तकात फारुकींना जेमतेम एक ओळ असते, गजपतींना तीही नसते. मग हे कळलं कुठून? थोडं खोदून विचारलं की उत्तर मिळतं : गेममधून. म्हणजे ज्या पिढीने इतिहास सोडला अशी आपण तक्रार करतो, ती रात्री दोन वाजता बहमनी सुलतानाचा जमाखर्च सांभाळत बसलेली असते. चांगलंच आहे. पण मग तिच्या समोरचा नकाशा बरोबर आहे का, हे पाहण्याची जबाबदारी आपल्यावर येते. आम्ही काही जण सध्या तेच काम करत आहोत, आणि त्यात जे प्रश्न पडले ते आज आपल्यापुढे मांडायचे आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'युरोपा युनिव्हर्सालिस' नावाची मालिका आहे, स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीची. तिचा चौथा भाग २०१३ साली आला आणि आम्ही मुख्यतः त्याच्याविषयीच बोलणार आहोत. यात बंदूक घेऊन धावायचं नसतं. अख्खं राज्य चालवायचं असतं : कर, सैन्य, लग्नसंबंध, व्यापार, तह. खेळ १४४४ साली सुरू होतो आणि १८२१ मध्ये संपतो. सगळं जग काही हजार तुकड्यांत वाटलेलं आहे. खेळणारे त्यांना प्रॉव्हिन्स म्हणतात. आपण तुकडा म्हणू, कारण प्रांत म्हटलं की आपल्याला मुंबई प्रांत आठवतो. प्रत्येक तुकड्याला एक मालक, एक धर्म, एक संस्कृती, एक मुख्य पीक किंवा माल आणि महसुलाचा एक आकडा असतो. मालक बदलला की तुकड्याचा रंग बदलतो. सगळा खेळ म्हणजे आपला रंग पसरवणं.

आणि यातली मोठी सोय अशी, की हे सगळं उघडं आहे. नकाशा म्हणजे एक चित्राची फाईल, आणि प्रत्येक तुकड्याची माहिती साध्या मजकुराच्या फाईलमध्ये. मालक अमुक, धर्म तमुक, या तारखेला मालक बदलला, अशा ओळी. ज्याला टंकता येतं त्याला त्या बदलता येतात. असा बदललेला संच म्हणजे मॉड. जगभरचे हौशी लोक असे मॉड करतात, आणि त्यातले कित्येक फार चिकाटीने, संदर्भ तपासून करतात. कंपनीनेही २०१८ मध्ये 'धर्मा' नावाची पुरवणी काढली तेव्हा हिंदुस्थानचा भाग पुष्कळ सुधारला होता. तरीही काम उरतं, आणि ते का उरतं हाच आजचा विषय.

पुस्तकात आपण 'बहुधा' लिहू शकतो. 'नाममात्र' लिहू शकतो. 'यावर एकमत नाही' असं लिहून पुढे जाऊ शकतो. नकाशाला 'बहुधा' रंगवता येत नाही. तुकडा रिकामा ठेवता येत नाही आणि दोघांना देता येत नाही. त्यामुळे जिथे इतिहासकार गप्प बसतो तिथेही नकाशा करणाऱ्याला बोलावंच लागतं. आणि बघणाऱ्याला ते बोलणं ठाम वाटतं.

आता तारखेपासून सुरुवात करू. खेळ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ रोजी. हा दिवस का? कारण आदल्या दिवशी, १० नोव्हेंबरला, काळ्या समुद्राच्या काठी वारना इथे उस्मानी सुलतान दुसरा मुराद याने पोलंड-हंगेरीच्या राजाचा पराभव केला आणि तो तरुण राजा रणात पडला. युरोपच्या दृष्टीने ही सोयीची वेळ. दख्खनमध्ये त्या दिवशी काय झालं? काहीच नाही. लोक सुगीच्या मागे असतील.

पण काहीच नाही म्हणजे सगळं स्थिर होतं असं नव्हे. बिदरच्या तख्तावर दुसरा अलाउद्दीन अहमद होता. राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला येऊन फार वर्षं झाली नव्हती. विजयनगरात दुसरा देवराय. या दोघांत नुकतंच रायचूर दोआबावरून युद्ध झालेलं होतं. तैमूरचा मुलगा शाहरुख याचा वकील अब्दुर रज्जाक १४४३ मध्ये विजयनगरात होता, त्याच्या लेखनात त्या मोहिमेची वर्दळ दिसते. माळव्यात महमूद खलजी, ओरिसात कपिलेंद्र, गुजरातेत अहमदशहाचा मुलगा. मुंबईची बेटं आणि माहीम गुजरातच्या सुलतानाकडे. गोवा विजयनगरकडे, आणि ते आणखी अठ्ठावीस वर्षं तिथेच राहणार होतं; १४७२ मध्ये महमूद गवानने ते घेतलं.

इथे पहिली, आणि सगळ्यात सोपी, दुरुस्ती येते ती नावांची. १४४४ मध्ये अहमदनगर नाही. ते मलिक अहमदने १४९० च्या दशकात वसवलं. हैदराबाद १५९१ चं. औरंगाबाद तर नाहीच : तिथे मलिक अंबरने १६१० च्या सुमारास गाव वसवलं त्याला आधी खडकी म्हणत, आणि औरंगजेबाने नाव दिलं ते त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. १४४४ च्या नकाशावर त्या भागाची मोठी नावं म्हणजे दौलताबाद, जुन्नर, पैठण, बीड. पुणे हा कसबा होता, पण तुकड्याला त्याचं नाव द्यावं एवढा नव्हे. पुण्याचे मित्र इथे नाराज होतात. आम्ही त्यांना सांगतो, जुन्नर जवळच आहे. (हशा)

नावं बदलणं म्हणजे एका दुपारचं काम. खरी पंचाईत पुढे सुरू होते.

खेळाचा नकाशा हे ५६३२ गुणिले २०४८ ठिपक्यांचं चित्र आहे. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर धरला तर आडवा एक ठिपका, म्हणजे एक पिक्सेल, सात किलोमीटरच्या आसपास भरतो. आता हा हिशेब आपल्या मुलखाला लावून बघा. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्रापर्यंत कोकणाची रुंदी पन्नासेक किलोमीटर. म्हणजे सात-आठ ठिपके. यात खाड्या, बंदरं, घाटाखालचं जंगल आणि घाटावरचे किल्ले सगळं बसवायचं. साहजिकच जुन्या नकाशांत कोकण हा एक बारीक पट्टा होऊन जातो आणि त्याला घाटावरच्या राज्याचा रंग देऊन मोकळं होतात. अॅटलासमध्येही हेच होतं. श्वार्ट्झबर्ग यांच्या संपादनाखाली १९७८ मध्ये शिकागोहून निघालेला दक्षिण आशियाचा ऐतिहासिक अॅटलास हा आजही या कामाचा आधारस्तंभ आहे, पण एवढ्या मोठ्या खंडाचं राज्यवार चित्र काढताना खेळणापासून दाभोळपर्यंतचा मुलूख कुणाचा, याला जागा मिळणार किती?

म्हणून आम्ही कोकणापाशी थांबलो. कारण १४४४ च्या कोकणाबद्दल एक गोष्ट आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे, आणि ती एका रंगात मावत नाही.

बहमनींची बंदरं होती चौल आणि दाभोळ. घोडे तिथे उतरत. पण बंदर हातात असणं आणि बंदरापासून घाटापर्यंतची वाट हातात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या डोंगराळ मुलखात शिर्के होते, संगमेश्वरचे राजे होते, आणि खेळणा होता. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. हे नाव नंतर शिवाजी महाराजांनी दिलं. १४४४ नंतरच्या दहाएक वर्षांत बहमनी सुलतानाने हा मुलूख कायमचा घ्यायचं ठरवलं आणि खलफ हसन नावाचा सरदार पाठवला. त्याची पदवी मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख. चाकणला त्याने ठाणं केलं. शिर्क्यांचा किल्ला घेतला, शिर्के हाती आले. त्यांना सांगितलं, धर्म बदल नाहीतर मर. शिर्के म्हणाले, मी बदलेन, पण माझा शेजारी, खेळण्याचा शंकरराव, मला हिणवेल. आधी त्याचा बंदोबस्त करा, वाट मी दाखवतो. आणि वाट दाखवली ती अशा जंगलातून, की उजेड जमिनीवर पडत नव्हता. सैन्य विस्कळीत झालं, मलिक-उत-तुज्जार आजारी पडला, आणि रात्री शंकररावांच्या माणसांनी छापा घातला. सरदार मारला गेला, फौज कापली गेली. जे वाचून चाकणला परत आले त्यांचं काय झालं, ती दख्खनी आणि परदेशी अमिरांच्या वैराची वेगळी आणि भीषण कथा आहे. तिच्यात आज शिरत नाही.

ही हकीकत फरिश्ता सांगतो. तो विजापूरच्या दरबारात बसून, दीडशे वर्षांनी लिहीत होता. संवाद असेच झाले असतील असं कुणी मानू नये. साल कोणतं, यावरही अभ्यासकांत फरक पडतो. पण ही हरलेल्या बाजूने सांगितलेली गोष्ट आहे. दरबारी लेखक आपल्या सुलतानाचे विजय फुगवेल. जंगलात फौज बुडाली हे तो उगाच रचणार नाही. आणि पुढचा पुरावा भक्कम आहे : त्यानंतर महमूद गवानसारख्या माणसाला १४६९ पासून दोन-तीन वर्षं कोकणात तळ ठोकून बसावं लागलं, तेव्हा कुठे खेळणा आणि संगमेश्वर मिळाले. जो मुलूख आपलाच आहे तो कुणी दोन-तीन वर्षं खपून जिंकत नाही.

मग १४४४ च्या नकाशावर काय करायचं? आम्ही किनाऱ्याचे ठिपके आणि घाटाखालचे ठिपके वेगळे केले. चौल आणि दाभोळ बहमनींकडे ठेवले, पण आकाराने अगदी लहान. मधला मुलूख दोन तुकड्यांत, स्वतंत्र, खंडणी देणारा. काही मित्रांचा आग्रह होता की तिथे राजांची वंशावळ घालावी, ध्वज घालावा, राण्यांची नावं घालावीत. खेळाला राजाचं नाव लागतंच. आम्ही 'शंकरराव' एवढंच ठेवलं आणि पुढचे वंशज खेळाच्या यंत्रावर सोडले, ते त्याला हवी ती नावं देईल. निदान ती आमची म्हणून कुणी उचलणार नाही.

इथे जरा थांबून एक गोष्ट बोललीच पाहिजे, कारण या कामात तिचा सर्वांत जास्त त्रास होतो. आम्ही असं काही करतो आहोत हे कळल्यावर जे निरोप येतात, त्यातले निम्मे अचूकतेसाठी नसतात. १४४४ मध्ये 'मराठा' नावाचं राज्य घाला. आमच्या घराण्याला एक तुकडा द्या. विजयनगर कृष्णेच्या पलीकडे न्या. बहमनी पार माळव्यापर्यंत न्या. प्रत्येकाकडे एखादा शिलालेख असतो, आणि तो खराही असतो. पण एका मोहिमेत एका राजाचं सैन्य एका गावी पोहोचलं आणि तिथे त्याने देवळाला दान दिलं, यावरून तो सगळा मुलूख त्याच्या रंगात रंगवता येत नाही. 'ऐतिहासिक अचूकता' हा शब्द फार सभ्य आहे, आणि त्याच्या आडून पुष्कळदा अभिमानाची मोजणी चालते. आम्ही एक साधा नियम ठेवला आहे. ज्याला तुकडा हवा त्याने तीन गोष्टी दाखवाव्यात : तिथला महसूल कोण घेत होतं, तिथला किल्ला कुणाच्या माणसाच्या ताब्यात होता, आणि हे त्या वर्षाच्या किती जवळचा पुरावा सांगतो.

हा नियम आम्हाला खरं म्हणजे महमूद गवाननेच शिकवला. गवानच्या आधी बहमनी राज्याचे चार तरफ होते : दौलताबाद, वऱ्हाड, गुलबर्गा, आणि बिदरसह तेलंगण. प्रत्येक तरफदार म्हणजे जवळजवळ छोटा राजाच. गवानने त्या चारांचे आठ केले. वऱ्हाडाचे गाविल आणि माहूर, दौलताबादचे दौलताबाद आणि जुन्नर, असे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक तरफात फक्त एक किल्ला तरफदाराकडे ठेवला. बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाने थेट नेमलेले किल्लेदार. म्हणजे जमीन एकाची आणि त्याच जमिनीत उभे असलेले किल्ले दुसऱ्याचे. नकाशावर पाहाल तर आधीही एकच रंग आणि नंतरही तोच रंग. काहीच घडलेलं नाही. प्रत्यक्षात अमिरांना हे इतकं झोंबलं की १४८१ मध्ये खोटं पत्र रचून त्यांनी गवानचा बळी घेतला, आणि त्यानंतर दहा वर्षांत राज्य फुटायला लागलं. राज्याचा सगळा जीव ज्यात अडकला होता ते नकाशावर दिसतच नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे.

याचं थोडं भान आता खेळ करणाऱ्यांनाही आलं आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात या मालिकेचा पाचवा भाग निघाला. त्याची सुरुवात १३३७ ची आहे, आणि त्यासाठी कंपनीने एकेका प्रदेशाचे कच्चे नकाशे आधी लोकांपुढे ठेवून दुरुस्त्या मागवल्या, ही फार चांगली पद्धत झाली. त्या भागात तुकडे पुष्कळच बारीक आहेत, आणि नुसता मालक नसून 'नियंत्रण' नावाची एक गोष्ट आहे : राजधानीपासून अंतर वाढलं, वाट अवघड झाली, की तुकड्यावरची पकड ढिली होत जाते आणि वसूलही कमी येतो. १३३७ म्हणजे मुहम्मद तुघलकाचा काळ. दिल्लीचा रंग दक्षिणेत खोलवर गेलेला, दौलताबादला दरबार नेण्याचा खटाटोप होऊन दहा वर्षं झालेली, आणि आणखी दहा वर्षांनी, १३४७ मध्ये, त्याच दौलताबादेत अमिरांचं बंड होऊन बहमनी राज्य उभं राहिलेलं. हे का घडलं ते पकड ढिली होण्याच्या त्या हिशेबातून खेळणाऱ्याला आपोआप कळतं. शंभर पानं वाचून जे कळावं ते तो दिल्लीच्या गादीवर बसून, पैसे येत नाहीत म्हणून वैतागून शिकतो. पण अंतर हे पकड ढिली होण्याचं एकच कारण झालं. खेळणा बिदरपासून जितका दूर, साधारण तितकंच दाभोळही दूर. दाभोळ हातात होतं, खेळणा नव्हता.

महसुलाच्या आकड्याबद्दल फार बोलत नाही, पण एक उल्लेख करायलाच हवा. १४४४ मध्ये महाराष्ट्राचे तुकडे समृद्ध दाखवायचे की ओसाड? चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुर्गादेवीचा दुष्काळ पडला. परंपरा तो बारा वर्षांचा सांगते. गावंच्या गावं उठली. ग्रँट डफच्या इतिहासात याविषयी एक हकीकत आहे : पुढे मुलूख पुन्हा वसवताना जुन्या शिवा कुणाला आठवत नव्हत्या, म्हणून दादो नरसो काळे यांच्या मदतीने गावांच्या हद्दी नव्याने ठरवाव्या लागल्या. विचार करा. जिथे गावकऱ्यांनाच गावाची शीव कुठे होती ते आठवत नव्हतं, त्या मुलखाच्या सीमा आपण सहाशे वर्षांनी ठिपक्या-ठिपक्याने आखतो आहोत. आम्ही भीमा-नीरेच्या खोऱ्यातले आकडे उतरवले. जुन्नर आणि बंदरं तेवढी बऱ्या स्थितीत ठेवली.

आता पुढे तीनशे वर्षं उडी मारू, कारण हा खेळ १८२१ पर्यंत जातो आणि खरी कसोटी अठराव्या शतकात लागते. आपल्या सर्वांच्या फोनवर तो नकाशा कधी ना कधी आलेला आहे : १७५८-६० चा हिंदुस्थान, तंजावरपासून अटकेपर्यंत एकजात भगवा. खेळातही मराठ्यांचं राज्य वाढवत नेलं की पडद्यावर साधारण तेच चित्र उभं राहतं. बघून बरं वाटतं, नाही म्हणत नाही.

पण १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून ज्या सनदा घेऊन आले त्यांत काय होतं? स्वराज्याचा मुलूख हा एक भाग. आणि दुसरा भाग, दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी. औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बिदर, विजापूर, हैदराबाद. हे सुभे बादशहाचेच राहिले. तिथे त्याचा सुभेदार, त्याचा अंमलदार. त्याच गावात मराठ्यांचा कमाविसदार जाऊन आपला हिस्सा मागणार.

एक गाव घेऊ. हिशेबाच्या सोयीसाठी त्याचा वसूल हजार रुपये धरू. सरदेशमुखी दहा टक्के, म्हणजे शंभर रुपये. हे छत्रपतींचं वतन. चौथाई अडीचशे रुपये. त्या अडीचशेतली एक चतुर्थांश बाबती, म्हणजे साडेबासष्ट रुपये, छत्रपतींची. सहा टक्के साहोत्रा, पंधरा रुपये, पंतसचिवांचा. तीन टक्के नाडगौंडा, साडेसात रुपये, छत्रपती ज्याला देतील त्याचा. उरले एकशे पासष्ट, तो मोकासा, तो सरदाराचा. शिवाय बादशाही अंमलदाराचा वाटा राहिलाच, आणि गावचा पाटील, परगण्याचा देशमुख यांचे हक्क वेगळे. या गावाला कोणता रंग देता?

आणि हे मुद्दाम केलेलं होतं. शेजारशेजारच्या गावांचे मोकासे वेगवेगळ्या सरदारांना, एकाच गावातल्या बाबी वेगवेगळ्या माणसांना. कुणाही एकाला सलग मुलखाचा धनी होता येऊ नये, आणि हिशेबासाठी सगळ्यांना एकमेकांत अडकून राहावं लागावं. नकाशावर रंग पसरवायचा ही कल्पनाच त्या व्यवस्थेला परकी होती.

हे न दाखवता भगवा रंग फासला तर काय बिघडतं, असं आम्हाला विचारतात. बिघडतं ते असं. एप्रिल १७५८ मध्ये राघोबादादा लाहोरला पोहोचले, फौजा पुढे अटकेपर्यंत गेल्या. १७५९ संपता संपता अब्दालीने पंजाब परत घेतला. दीड-पावणेदोन वर्षांचा अंमल. पुढच्या वर्षी सदाशिवरावभाऊ दिल्लीत शिरले, आणि फौजेला द्यायला पैसा नव्हता म्हणून लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून त्याचे रुपये पाडावे लागले. आता त्या भगव्या नकाशाकडे बघून सांगा : ज्याचं राज्य तंजावरपासून अटकेपर्यंत आहे, त्याला छपराची चांदी का काढावी लागते? त्या नकाशाला याचं उत्तर देता येत नाही. मग माणसं उत्तर म्हणून कुणीतरी फितूर शोधतात, कुणाचा तरी गर्व शोधतात, अमक्या जातीवर आणि तमक्या सरदारावर खापर फोडतात. उत्तरेतला मोठा भाग खंडणीचा होता. खंडणी फौज दारात उभी असेपर्यंत येते, आणि देणारा राजा आपल्या गादीवर तसाच बसलेला असतो. पानिपताच्या वर्षी राजपुतान्यातून आणि दोआबातून पैसा का आला नाही, हे नकाशानेच सांगायला हवं होतं.

म्हणून अठराव्या शतकासाठी आम्ही रंग आवरता घेतला. स्वराज्याचा गाभा, गुजरात-माळव्यात थेट अंमल बसलेले भाग, नागपूर, आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून घेतलेली वसई, एवढं पक्क्या रंगात. बाकी सहा सुभे निजामाचे किंवा बादशहाचेच, पण त्यांच्या वसुलातला ठरलेला हिस्सा दर महिन्याला मराठ्यांच्या खजिन्यात जमा होतो, आणि जवळ फौज नसेल तर होत नाही. नकाशा त्यामुळे पुष्कळ फिका दिसतो. ज्यांनी तो वापरून पाहिला त्यांच्यातल्या काहींना राग आला. काहींनी मात्र कळवलं की मुलूख कमी आणि पैसा जास्त, हे काय गौडबंगाल आहे ते शोधताना त्यांनी चौथाईवर पहिल्यांदा काहीतरी वाचलं.

गोव्याचा विषय वास्तविक वेगळ्या व्याख्यानाचा, तरी दोन वाक्यं. गोवा हा एक तुकडा करून १५१० पासून त्याला पोर्तुगीज रंग देणं ही सगळीकडची रीत आहे. पण आल्बुकर्कच्या हातात आलं ते तिसवाडीचं बेट, नकाशावर दोन-तीन ठिपके. बारदेश आणि सासष्टी कायमचे गेले १५४३ मध्ये. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे वगैरे नव्या काबिजादी तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, पेडणे १७८८ मधलं. सव्वादोनशे-अडीचशे वर्षं आजच्या गोव्याचा मोठा भाग पोर्तुगीज नव्हता. इन्क्विझिशनच्या काळात देव नदी ओलांडून फोंड्याकडे का नेले, ते यावरून समजतं. पलीकडे राज्य दुसऱ्याचं होतं. तेव्हा तिथे किमान तीन तुकडे हवेत, आणि ते आम्ही पाडले आहेत.

राहता राहिला जंजिरा. पुष्कळांनी विचारलं म्हणून सांगतो. किल्ल्याचं बेट बावीसेक एकरांचं, आणि आमचा एक ठिपका सुमारे पन्नास चौरस किलोमीटरचा. म्हणजे जंजिऱ्याला नकाशावर एक ठिपका दिला तर तो खऱ्यापेक्षा पाचशेपट मोठा होतो. प्रमाणाने जायचं तर त्याला काढूनच टाकायला हवं. पण सिद्दी नसेल तर शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग का बांधला आणि संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडी भरून काढायचा घाट का घातला, ते कळणार नाही. म्हणून तो ठेवला आहे, राजपुरीच्या किनाऱ्यासकट चार ठिपक्यांचा, आणि किल्ल्याची ताकद खेळ देतो त्या सर्वांत वरच्या पायरीवर. तरीही पुरेशी फौज नेऊन दोन-तीन वर्षं वेढा घातला की तो पडतो. खेळात न पडणारा किल्ला करायची सोय नाही. यावर कुणाला काही सुचत असेल तर आता प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.